शंख, लिखित आणि पाच हजार रुपये



आजचं वाचन महाभारताच्या शांतिपर्वातलं. युद्धानंतर खचलेल्या युधिष्ठिराला व्यास शंख आणि लिखित या दोन भावांची गोष्ट सांगतात. बाहुदा नदीकाठी दोघांचे आश्रम होते. एकदा लिखित भावाकडे गेला, तेव्हा शंख बाहेर होता. याने झाडाची पिकलेली फळं तोडली आणि खात बसला. शंख आल्यावर म्हणाला, न विचारता घेतलंस, म्हणजे ही चोरी झाली. राजाकडे जा, स्वतः सांग आणि शिक्षा माग.

राजा सुद्युम्न माफ करायला तयार होता, पण लिखित ऐकेना. शेवटी त्याचे हात तोडले गेले. परतल्यावर शंखाने त्याला नदीत स्नान करायला लावलं आणि हात पुन्हा आले. तेव्हा लिखित विचारतो, एवढं सामर्थ्य होतं तर आधीच शुद्ध का नाही केलंस? शंख सांगतो, शिक्षा देणं माझ्याकडे नाही, ते राजाचं काम.

हे उत्तर मला कळलं ते गेल्या वर्षी.

माझा भाचा आंधळगावचा. घरी हातमाग आहे, कोसा विणतात. अकरावीसाठी तो नागपूरला माझ्याकडे राहतो, वय १६. एका संध्याकाळी एका मोठ्या दुकानातून फोन आला, "सर, तुमचा मुलगा चोरी करताना सापडला. लगेच या." ३९९ रुपयांचे इअरफोन त्याने खिशात टाकले होते. मागच्या खोलीत स्टुलावर मान खाली घालून बसला होता. मॅनेजर म्हणाले, "पाच हजार भरा, माफीनामा लिहून द्या. नाहीतर पोलिसांना बोलावतो. करिअर खराब होईल पोराचं."

भाचा हळूच म्हणाला, "मामा, आईले नका सांगू."

खरं सांगतो, माझा हात पाकिटाकडे गेला होता. पाच हजारांत विषय संपत होता. तरी विचारलं, "पावती मिळेल?" ते म्हणाले, "दंडाची पावती नसते, सर."

मग माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत दुकानदाराला अशी ठरावीक भरपाई आईवडिलांकडे मागायची कायद्यानेच मुभा आहे. आपल्याकडे तसा कायदा नाही. झालेलं नुकसान दुकान मागू शकतं, तक्रारही करू शकतं. पण दंड ठोठावू शकत नाही. तक्रारीची भीती घालून पैसे काढणं तर खंडणीच्या जवळ जातं. १८ वर्षांखालच्या मुलाचा असा मामला बाल न्याय मंडळाकडे जातो आणि किरकोळ गुन्ह्यात त्याच्यावर साधारणपणे एफआयआर होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर मोठ्या माणसालाही, पहिलीच चोरी असेल, माल ५,००० रुपयांच्या आतला असेल आणि तो किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर समाजसेवेची शिक्षा आहे.

हे सगळं मी तिथे ऐकवलं. "पोलिसांना बोलवायचं तर बोलवा, मी थांबतो," असंही म्हणालो. मॅनेजर नरमले. मी ३९९ रुपये भरले, बिल घेतलं आणि भाच्याला घेऊन बाहेर पडलो.

गाडीवर मागून तो म्हणाला, "मामा, भारी झापलं तुम्ही त्याले!"

तिथे माझं चुकलं होतं. कायद्याने मी बरोबर होतो, पण त्या खोलीत माझा भाचा एक शब्दही बोलला नव्हता. पाच हजार देऊन मी त्याची चूक विकत घेऊन मिटवली असती, आता वाद जिंकून मिटवली. त्याच्यासाठी दोन्ही सारखंच.

शंखाने भावाला शिक्षा केली नाही आणि लपवलंही नाही. त्याने एवढंच पाहिलं की लिखित स्वतःच्या पायांनी जाईल आणि स्वतःच्या तोंडाने सांगेल. हात तोडणं आज कोणालाच पटणार नाही, पटूही नये. पण ते चालत जाणं मला महत्त्वाचं वाटतं. वस्तूची किंमत दुकानाची असते आणि शिक्षा द्यायची तर ती राज्याने. पस्तावा मात्र ज्याचा त्यालाच करावा लागतो. मामाला तो भाच्याच्या वतीने करता येत नाही.

त्या रात्री मी त्याला म्हटलं, "आईला मी सांगणार नाही. तू सांगशील." दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने फोन लावला. ताई रडली, भाऊजी काहीच बोलले नाहीत. दिवाळीत गावी गेल्यावर त्याने मागासाठी कांड्या भरल्या, त्याचे पैसे भाऊजींनी त्याला मोजून दिले. त्यातले ३९९ त्याने मला दिले. मी घेतले.

मग तो एकटाच त्या दुकानात गेला. ज्या गार्डकाकांनी पकडलं होतं, त्यांची माफी मागितली. "काय म्हणाले?" मी विचारलं. "म्हणाले, ठीक आहे बेटा, येत जा."

मित्रांनो, आपल्या माणसाची चूक समोर आली की आपण आधी काय वाचवतो, त्याला की त्याची अब्रू? आज झोपण्याआधी एवढं स्वतःला विचारू या.

राम कृष्ण हरी!