गरमीचे रक्त

जळगावकडे एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकला की शरीराच्या निम्म्या तक्रारींना एकच कारण मिळते: गरमी. घोळणा फुटला, गरमी. तोंड आले, गरमी. शौचाला रक्त पडले, तर गरमी आणि आदल्या रात्रीची शेवभाजी. यावल तालुक्यात केळी लावणाऱ्या माझ्या मामांनी हे कारण दीड वर्ष धरून ठेवले. सब्जा झाला, ताक झाले, भरीत बंद झाले. एका दवाखान्यातून मूळव्याधीच्या पुड्या आल्या. तिथे सगळी विचारपूस टेबलापलीकडून झाली; मामांना तपासायला कुणी आडवे केले नाही. शेवटी धुळ्याला दिलेल्या मुलीने हट्टाने तिथल्या सर्जनकडे नेले. त्यांनी हातमोजा चढवला आणि मिनिटभरात बोटाला गाठ लागली. गुदाशयाचा कर्करोग.

शस्त्रक्रियेनंतर मामांची फाइल जाड होत गेली. दर तीन महिन्यांनी तिच्यात लॅबचा एक कागद पडतो. त्यावर ‘सीईए’ ही तीन अक्षरे आणि पुढे एक आकडा. तो पाचच्या आत असला की घरात चहा टाकला जातो. मामांचा आकडा मात्र चारच्या खाली उतरत नाही, कारण बिडी सुटलेली नाही, आणि धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात सीईए मुळातच थोडे चढे असते. मामी म्हणते, “ओढता तुम्ही, अन् जीव टांगणीला आमचा.”

या आकड्याचा जन्म १९६५ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात झाला. फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांना पडलेला प्रश्न सरळ होता: निरोगी पेशीत नाही असे कर्करोगाच्या पेशीत काय असते? उत्तर खरे यायचे तर दोन्ही पेशी एकाच माणसाच्या हव्यात. मोठ्या आतड्याने ती सोय करून दिली. गाठ कापताना सर्जन तिच्या दोन्ही बाजूंचे थोडे निरोगी आतडेही काढतो. म्हणजे एकाच शस्त्रक्रियेतून रोगी आणि निरोगी असे दोन्ही नमुने हाती आले. त्यांतून एक प्रथिन सापडले. गर्भाच्या आतड्यात ते असते, जन्मानंतर जवळपास लोपते आणि गाठीत पुन्हा उगवते. १९६९ मध्ये ते रुग्णांच्या रक्तातही मोजता आले, तेव्हा ३६ पैकी ३५ जणांत सापडले. नळीभर रक्तात कर्करोग कळणार, असे वाटू लागले.

पुढच्या काही वर्षांत ती आशा विरली. यकृताच्या आजारात सीईए चढते, सिगारेटने चढते. आणि गाठ लहान, बरी होण्याजोगी असते, तेव्हाच ते अनेकदा गप्प राहते. चाळणी म्हणून सीईए नापास झाले आणि राखणदार म्हणून कामाला लागले. शस्त्रक्रियेनंतर आकडा चढू लागला, तर रोग परतल्याची शंका घ्यायची. मामांच्या फाइलमध्ये ते याच नोकरीवर आहे.

रक्ताला दुसरा प्रश्न विचारण्याची तयारी त्याच्याही आधी झाली होती. १९४८ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला मांदेल आणि मेते या दोघांनी माणसाच्या रक्तद्रवात पेशीबाहेर तरंगणारा डीएनए पाहिला. डीएनएचा दुहेरी गोफ उलगडायला अजून पाच वर्षे होती, त्यामुळे या निरीक्षणाचे करायचे काय, हेच कुणाला सुचले नाही. १९७७ मध्ये कर्करोगाच्या रुग्णांत हा डीएनए जास्त असल्याचे दिसले. १९८८ मध्ये अमेरिकेत बर्ट व्होगेलस्टाइन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की आतड्यातला साधा कोंब, म्हणजे पॉलिप, कर्करोग होईपर्यंत पेशीच्या जनुकांत एकामागून एक बिघाड साचत जातात. मग १९९४ मध्ये असे बिघडलेले जनुक थेट रक्तद्रवात सापडले. दोन धागे जुळले: गाठ मरणाऱ्या पेशींतून आपले तुकडे रक्तात सोडते, आणि त्या तुकड्यांवर तिची खूण असते.

ती खूण ओळखणे किती अवघड, हे धरणगावच्या जिनिंगमध्ये उभे राहिले की समजते. हवेत उडणाऱ्या लाखो तंतूंतून एकाच शेतातला तंतू वेचायचा, तोही तो खाली बसायच्या आत. कारण रक्तातले हे तुकडे तासा-दोन तासांत नाहीसे होतात. म्हणून संशोधकांनी बिघडलेल्या अक्षरांबरोबर डीएनएवर बसणारे रासायनिक शिक्के, म्हणजे मेथिलेशन, वाचायला घेतले. सेप्ट९ या एका जनुकावरचा शिक्का शोधणाऱ्या चाचणीला अमेरिकेच्या एफडीएने २०१६ मध्ये मान्यता दिली. मोठ्या अभ्यासात तिने जेमतेम निम्मे कर्करोग पकडले होते. जुलै २०२४ मध्ये ‘शील्ड’ या दुसऱ्या रक्तचाचणीला मान्यता मिळाली. तिच्या अभ्यासात ७,८६१ माणसांत ६५ कर्करोग होते, त्यांतले ५४ रक्ताने सांगितले. म्हणजे ८३ टक्के.

आकडा चांगला आहे. पण त्याच अभ्यासात, पुढे कर्करोग होऊ शकतील अशा मोठ्या कोंबांपैकी जेमतेम १३ टक्के पकडले गेले. कोंब वेळीच काढला तर कर्करोग होतच नाही, आणि तोच रक्ताच्या नजरेतून निसटतो. शिवाय निरोगी माणसांपैकी दहा टक्क्यांना चाचणीने उगाच संशयाचा कागद दिला. समजा, आपल्याकडच्या १०,००० माणसांत १० जणांना हा रोग आहे. चाचणी आठांना पकडेल आणि जवळजवळ हजार निरोगी माणसांना घाबरवेल. आठांना वेगळे काढायला त्या सगळ्यांचीच कोलोनोस्कोपी करावी लागेल. चोपडा, शिरपूर, साक्री इथल्या हजार माणसांची कोलोनोस्कोपी कोण करणार, आणि किती दिवसांत?

रक्तचाचणीची ओढ मात्र खोटी नाही. शौचाचा नमुना डबीत घालून द्यायला माणूस लाजतो. दंड पुढे करायला लाजत नाही. वास्तविक शौचातले छुपे रक्त शोधणारी स्वस्त चाचणी कितीतरी जुनी. मिनेसोटात दरवर्षी ती केलेल्यांत या कर्करोगाचे मृत्यू एक तृतीयांशाने घटल्याचे १९९३ मध्येच सिद्ध झाले. तरी अमेरिकेतही जवळपास तिसरा माणूस तपासणी चुकवतो. भारतात तीस वर्षांपुढच्यांसाठी सरकारी तपासणी आहे ती तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची. आतडे तिच्यात नाही. दरम्यान, नाशिकच्या दातार कॅन्सर जेनेटिक्सच्या स्तनकर्करोगाच्या रक्तचाचणीला २०२१ मध्ये एफडीएचा ‘ब्रेकथ्रू’ दर्जा मिळाला. रिलायन्सच्या स्ट्रँड कंपनीने डिसेंबर २०२४ मध्ये अनेक कर्करोगांसाठी एकच रक्तचाचणी बाजारात आणली. जळगावच्या रिंगरोडवरच्या लॅबमध्ये अशी ‘पॅकेजे’ दिसायला फार काळ लागणार नाही.

तेव्हा उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, आठवावे. तिथे टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने १,३१,७४६ ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास केला. निष्कर्ष २००९ मध्ये आला. एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले. चाचणी अचूक होतीच, पण जिच्यात दोष निघाला त्या बाईला पुढची तपासणी आणि उपचार मिळतील अशी साखळी आधी बांधलेली होती. रक्ताला प्रश्न विचारण्याआधी उत्तराची सोय करावी लागते, ती अशी.

आपल्या भागात तर रक्त का पडते, हा पहिला प्रश्नही अजून विचारून झालेला नाही. टाटा रुग्णालयात आलेल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८०० रुग्णांच्या पाहणीत सरासरी वय ४७ च्या आसपास निघाले, आणि सर्वांत जास्त गाठी गुदाशयात होत्या. गुदाशयातल्या बऱ्याच गाठी बोटाच्या टप्प्यात असतात. मामांच्या रक्तातला सूक्ष्म तुकडा शोधायला विज्ञानाला पाऊणशे वर्षे लागली. डोळ्यांना दिसणारे त्यांचे रक्त मात्र दीड वर्ष रोज साक्ष देत होते आणि ती गरमीच्या खात्यावर पडत होती.

आता मामा पारावर बसतात. कुणी पोटाची, रक्ताची तक्रार काढली आणि दुसऱ्याने ‘गरमी’ म्हटले की बिडी बाजूला धरून विचारतात, “डॉक्टरनं हात लावून पाहिलं का रे भो?”