स्वमग्न मूल आणि पालकांचा अधिकार

लष्करातील जयेंद्रगंजच्या मराठी वस्तीत काय, किंवा अन्यत्र काय, ज्या घरी स्वमग्न मूल असते तेथे आईला प्रथम विचारले जाते ते हेच की, गरोदरपणी काय चुकले? कोणी प्राक्तनाकडे बोट दाखवितो, कोणी राहिलेल्या कुळाचाराकडे. हा दोषारोप केवळ आपल्याच समाजाचा आहे, असे मात्र नव्हे. १९४३ साली लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या निरीक्षणावरून या अवस्थेचे वर्णन केले. आणि पुढे पश्चिमेतील मोठमोठ्या विद्वानांनी आईच्या मायेतील थंडपणा हेच तिचे कारण ठरविले. १९६४ साली ते मत खोडून काढणारे बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ तर होतेच, पण अशाच एका मुलाचे वडीलही होते.

कारण शरीरात आहे असे कळल्याने आईवरील आळ टळला. परंतु त्यासरशी एक नवी घाई आली. २००५ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील कार्लोस पार्दो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११ मृत स्वमग्न व्यक्तींच्या मेंदूंची तपासणी प्रसिद्ध केली. मेंदूची राखण व साफसफाई करणाऱ्या ग्लिया नामक पेशी तेथे, विशेषतः लहान मेंदूत, चेतलेल्या आढळल्या. हा काही मेंदूज्वर नव्हे. ही चेतना विकाराचे कारण, त्याचा परिणाम, की मेंदूने स्वतःच चालविलेली डागडुजी, हे त्यावरून ठरत नव्हते. २००७ सालच्या एका अभ्यासात तर, ताप आला असता अशा कित्येक मुलांचे वर्तन काही काळ सुधारते, अशी नोंद आहे!

पण 'दाह' म्हटला की तो विझवावा असे वाटणारच. परदेशांत काही डॉक्टरांनी त्या शोधाच्या आधारे उपचार आरंभिले. तसा आधार घेऊ नये, हे पार्दो यांच्या गटालाच सांगावे लागले. आपल्याकडे स्टेम सेलचा उपचार दाह शमविण्याच्या आशेवर विकला गेला. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिविषयक मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये, स्वमग्नतेसाठी तो शिफारसयोग्य नाही, असे स्पष्ट केले.

'शक्य ते सारे केले पाहिजे' हे आईबापांचे वाक्य ऐकून कोणाचेही मन द्रवेल. तरी आम्हांस ते वाटते तितके निर्दोष दिसत नाही. नवसाचा उपास आई स्वतः करते. येथे सुई टोचते ती मुलाच्या पाठीत, आणि नकार देण्यापुरतीही भाषा पुष्कळदा त्याच्यापाशी नसते. आपला कायदा देवाला अज्ञान मानतो, हे देवस्थानांशी संबंध असलेल्या वाचकांस ठाऊक असेलच. देवाची ठेव विश्वस्त स्वतःच्या आशेवर लावीत नाही. मग लेकराच्या देहाविषयी आईबापांचा अधिकार याहून मोठा कसा मानावा?

याचा अर्थ हात जोडून बसावे असा नाही. अपस्मार असेल तर त्यावर औषध द्यावे. बोलणे, खुणा, कपडे घालणे हे महिनोन्‌महिने शिकवावे. हे काम संथ आहे आणि त्यात चमत्कार नाही, म्हणूनच त्याचे कौतुक कोणी करीत नाही. समाजानेही थोडे करावे. आरतीच्या घंटेने जे मूल कान झाकून किंचाळते, त्याच्या आईकडे वळून पाहण्याऐवजी, दुपारी देऊळ शांत असताना तिला मुलासह यावयास सांगावे, आणि तेवढा वेळ पुजाऱ्यांनी घंटा वाजवू देऊ नये.