तीन मिलिमीटर

नवीन गाडी घेतली की पहिले काही दिवस माणूस तिची चूक काढत नाही. हप्ता सुरू झालेला असतो, नातेवाईक पेढे खाऊन गेलेले असतात, हँडलला बांधलेलं लिंबू अजून पिवळं असतं. माझी गाडी पहिल्याच दिवसापासून झटका मारत होती. मंगरूळपीरच्या बाजारातल्या गर्दीत, पहिल्या गियरमध्ये, मूठ केसभर फिरवली तरी उडी घ्यायची. सोडली की पोट टाकीवर. मी मित्रांना सांगायचो, "पिकअप पाय!"

नवव्या दिवशी आई मागे बसली. दोन्ही पाय एका बाजूला, मांडीवर कापडाची पिशवी. शेलूबाजारच्या रस्त्यावर गतिरोधक आला. मी गाडी हळू केली, चाक हादरलं, हादऱ्यानं मनगट हललं आणि मनगटासोबत मूठ. गाडी पुढे गेली, आई मागे राहिली.

उजव्या मनगटाला सहा आठवडे प्लास्टर. आई शिलाईचं काम करते आणि दिवाळी तोंडावर होती. ब्लाऊजची शिवायला आलेली कापडं मीच घरोघरी परत नेऊन दिली. प्रत्येक दारात एकच वाक्य बोललो, "नवीन गाडी आहे ना, झटका मारते." सगळ्यांनी गाडीला नावं ठेवली. आईसुद्धा म्हणाली, "तुही काय चूक बापा, गाडीच तशी हाय."

त्यानंतर गाडी मिस्त्रीकाकांकडे नेली. त्यांनी मूठ दोन बोटांनी हलवून पाहिली आणि विचारलं, "किती दिवसापासून करते असं?"

"घेतली तेव्हापासून. नऊ दिवस."

"मंग नऊ दिवस कायची वाट पायत होता?"

त्यांनी मुठीजवळचं रबर मागे सरकवलं, लॉकनट ढिला केला, ॲडजस्टर थोडा फिरवला, नट परत आवळला. मुठीपासून इंजिनाकडे एक वायर जाते. ती ओढली की थ्रॉटलची झडप उघडते, हवा आत जाते आणि त्या हिशोबानं इंजेक्टर पेट्रोल सोडतो. मूठ फिरायला लागल्यापासून वायर खरोखर ओढली जाईपर्यंत थोडी रिकामी जागा असावी लागते. मॅन्युअलमध्ये तिला फ्री प्ले म्हणतात. बऱ्याच गाड्यांना ती मुठीच्या कडेवर मोजून २ ते ६ मिलिमीटर सांगितलेली असते. माझ्या गाडीत ती जवळपास नव्हतीच. काकांनी अंदाजे तीन ठेवली. मग इंजिन चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवलं. वायर ताणलेली असेल तर नुसतं वळवल्यानंही रेस वाढते. वाढली नाही. चेनचा ढिलेपणा पाहिला. दहा मिनिटांत काम संपलं.

"थोडासा झटका राहीन," ते म्हणाले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटरच्या जागी इंजेक्शन बसलं. मूठ बंद केली की उतरणीला पेट्रोल तुटतं, उघडली की परत येतं, तेव्हा हलका धक्का जाणवतो. "तो पान्यानं नाई जात. मनगटानं सांभाळाचा."

मी हिशोब करत बसलो. वायर ताणलेली होती, ती मी ताणली नव्हती. म्हणजे दोष माझा नाही? पहिल्या दिवशी गाडीनं उडी मारून कोणी पडलं असतं, तर मी खरंच निर्दोष होतो. मला माहीत नव्हतं. पण पहिल्या दिवशी संध्याकाळी मला माहीत झालं होतं. यंत्राचा दोष कळला की तो यंत्राकडे राहत नाही, हळूहळू कळणाऱ्याच्या नावावर चढतो. नवव्या दिवसापर्यंत तो पूर्ण माझ्या नावावर झाला होता, फक्त आरसी बुकात लिहिला नव्हता. आणि मी नुसता गप्प नव्हतो. मी त्या दोषाला पिकअप म्हणत होतो.

तीन मिलिमीटरची ती जागा तेव्हापासून डोक्यातून जात नाही. तिथे मूठ फिरते, पण काही घडत नाही. इंजिनिअर म्हणेल, वाया गेलेली हालचाल. पण माझ्या हातातून निघणारी प्रत्येक हालचाल माझी इच्छा असते का? खड्डा आला, खोकला आला, मागून कोणी हाक मारली, की हात हलतोच. तो थरथराट आणि माझा निर्णय यांतला फरक वायरीला कळत नाही. तो फरक ती मोकळी जागा करते. शून्य फ्री प्ले असलेली गाडी माझी प्रत्येक थरथर हुकूम समजते. (रात्री साडेअकराला टाइप करून लगेच पाठवलेल्या मेसेजचंही काहीसं असंच असतं.)

आमच्या भागात बुद्धविहारात सोणाची गोष्ट बहुतेक पोरांनी ऐकलेली असते. सोण भिक्षू होण्याआधी वीणा वाजवायचा. साधनेत त्यानं इतकी ओढाताण केली की चालून चालून तळपाय फुटले आणि सगळं सोडून घरी जावं असं त्याला वाटू लागलं. बुद्धांनी त्याला वीणेचं विचारलं. तार फार ताणली तर वाजते का? फार ढिली केली तर? मी ही गोष्ट नेहमी 'मधला मार्ग' म्हणून ऐकली होती. पण मधला म्हणजे बरोबर अर्धा नाही. किती ताण हवा हे वाजवणाऱ्याला कान लावूनच ठरवावं लागतं. काकांनीही मोजपट्टी घेतली नाही, मूठ हलवून पाहिली.

माझा एक मित्र म्हणतो, मोकळी जागा म्हणजे उशीर. उसाचा ट्रॅक्टर ओव्हरटेक करताना मूठ फिरवली की गाडी त्याच क्षणी पळाली पाहिजे. त्याचं चूक नाही. काकांनी दहा मिलिमीटर ठेवली असती तर मीही कुठेतरी अडकलो असतो. पण तो एकटाच फिरतो. मागच्या सीटवर कोण बसलंय यावर वायर किती ताणायची हे ठरतं, असं मला आता वाटतं.

एक गोष्ट उरली होती. आईनं मला माफ केलं होतं, पण चुकीच्या माहितीवर. नऊ दिवस मला माहीत होतं, हे तिला ठाऊक नव्हतं. तिचं माफ करणं मी शेजाऱ्याची चुकून आलेली भाजी ठेवून घ्यावी तसं ठेवून घेतलं होतं.

प्लास्टर निघालं त्या दिवशी ती परत मागे बसली. शेलूबाजारला समृद्धी महामार्गाचा इंटरचेंज दिसतो तिथे मी थांबलो. वर दुचाकीला बंदी आहे, आम्ही खालूनच गाड्यांचा आवाज ऐकतो. मी तिला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, मनगट दोनदा फिरवून पाहिलं.

"त्या कापडाइच्या घरी सांगतलं का?" तिनं विचारलं.

सात घरं होती. तीन झाली आहेत.