फुकटचा दाब

कॅनडातल्या अल्बर्टाच्या उत्तर भागातल्या कित्येक जुन्या वायुविहिरींपर्यंत विजेची तार कधी पोचलीच नाही. तिच्यावाचून काही अडलंही नाही. विहिरीतून वर येणाऱ्या वायूतलाच थोडा बाजूला काढायचा, दाब उतरवून कंट्रोलरला द्यायचा. सेपरेटरमधली द्रवाची पातळी चढली की कंट्रोलर तो वायू व्हॉल्व्हच्या डायफ्रॅमवर सोडतो, व्हॉल्व्ह उघडतो, काम झालं की वायू हवेत. ना कॉम्प्रेसर, ना बॅटरी. विहीर वाहते तोवर तिला ताब्यात ठेवणारी यंत्रणा जिवंत. दाब गेलाच तर स्प्रिंग व्हॉल्व्हला सुरक्षित बाजूला ढकलते. बॅकअप लागूच नये अशी ही रचना आहे. इन्स्ट्रुमेंटेशनच्या माणसाला तिच्या प्रेमात पडायला वेळ लागत नाही. मी पडलो, आणि अजून पुरता बाहेर आलेलो नाही.

हवेत जातो तो मुख्यतः मिथेन. कमी वायू सोडणारा म्हणून जो कंट्रोलर ओळखला जातो, त्याची अमेरिकी नियमातली मर्यादा तासाला 6 घनफूट, म्हणजे सुमारे 170 लिटर. त्या मर्यादेवर एक कंट्रोलर वर्षभर चालला तर साधारण एक टन मिथेन होतो. पहिल्या 20 वर्षांत मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 80 पट उष्णता धरतो. हा गुणाकार मला नोकरी लागली तेव्हाही करता येत होता.

2022 पासून अल्बर्टात नव्याने बसवलेल्या न्यूमॅटिक उपकरणांतून असा वायू सोडायला आडकाठी आली. मग विहिरीवर सौर पॅनेल, बॅटरी, वायूऐवजी हवा दाबणारा छोटा कॉम्प्रेसर किंवा सरळ विजेवर चालणारा ॲक्च्युएटर. बैठकीत हा विषय निघाला की माझ्या शंका तयार असतात. डिसेंबरात दिवस जेमतेम सात-साडेसात तासांचा, पॅनेलवर बर्फ, पारा उणे 35, बॅटरी अर्धमेली, दाबलेल्या हवेत जराशी ओल राहिली तरी नळीत गोठणार. सगळं खरं आहे. या शंकांना मी सुरक्षिततेचं नाव देतो, आणि तिथेच मला स्वतःकडे जरा रोखून बघावंसं वाटतं.

कारण बॅकअपचा प्रश्न सुटतो, हे मी महाराष्ट्रात शिकलो. लोडशेडिंगच्या दिवसांत वीज गेली की डीजी सेट लोड घेईपर्यंत रिसीव्हरमधली, म्हणजे टाकीतली, दाबलेली हवा किती मिनिटं पुरेल, हा हिशेब कारखान्यातला साधा फिटरही तोंडी सांगे. इथेही उपाय आहेत: मोठा रिसीव्हर, नायट्रोजनच्या सिलिंडरांची रांग, मिथेनॉलवर चालणारा फ्युएल सेल. शिवाय जुनी पद्धत वाटते तितकी निर्धोक नाहीच. थंडीपासून जपायला उपकरणं शेडमध्ये असतात. नळीची जोडणी गळू लागली तर वायू तिथेच साठतो, आणि दार उघडून आत जातो तो ऑपरेटर.

मग माझा जीव कशात अडकला आहे? कॉम्प्रेसर बंद पडून विहीर थांबली तर डिझाइन कोणाचं, असं विचारतात. वर्षभर मिथेन सोडत राहिलेल्या कंट्रोलरबद्दल माझं नाव कुणी काढत नाही. पहिल्या नुकसानीला पत्ता आहे, दुसऱ्या नुकसानीला नाही. मी पत्ता असलेल्या नुकसानीलाच भितो, आणि त्या भीतीला सुरक्षिततेचा गणवेश चढवतो.

पायपर अल्फाची गोष्ट आमच्या प्रत्येक प्रशिक्षणात असते. 6 जुलै 1988, उत्तर समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर स्फोट, 167 मृत्यू. डिझेलवरचे अग्निशमन पंप तिथे होते, पण आपोआप सुरू होण्यापासून रोखून मॅन्युअलवर ठेवलेले. पाणबुडे पाण्यात असताना पंप सुटला तर ते त्याच्या तोंडाशी ओढले जातील म्हणून. स्फोटानंतर त्या पंपांपर्यंत पोचणंच शक्य झालं नाही. ही चूक भयंकरच, पण तिच्या मुळाशी कुणाच्या तरी जिवाची काळजी होती. माझ्या हट्टाच्या मुळाशी एवढंही सापडत नाही.

डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेने आपला नियम आणखी कडक केला आणि बहुतेक कंट्रोलरांचं उत्सर्जन शून्यावर आणायला सांगितलं. अलास्कातल्या वीज नसलेल्या ठिकाणांना मात्र त्यातून सूट मिळाली. नियम वाचताना माझी नजर सर्वांत आधी त्या सवलतीवर गेली, आणि गंमत म्हणजे मी ना अलास्कात काम करतो, ना अमेरिकेत.

सध्या एका नव्या विहिरीची डेटाशीट माझ्याकडे आहे. ऊन नसताना बॅटरी किती दिवस पुरावी, हा रकाना मी भरायचा. दोन लिहिले तर हिमवादळात कुणालातरी बर्फातून गाडी काढावी लागेल. दहा लिहिले तर खर्च इतका वाढेल की ही योजनाच गुंडाळली जाईल, आणि मला कुणी विरोधक म्हणणारही नाही. आकडा फुगवणं हा नकार देण्याचा आमच्यातला सभ्य मार्ग आहे. मी पहिल्यांदा आठ लिहिले होते. मग त्या रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या ऑपरेटरला फोन केला. तो म्हणाला, पाच पुरेत, पण पॅनेल उभं बसवा, म्हणजे बर्फ टिकणार नाही. आता तिथे पाच आहेत.