सारथ्याचे कर्म

फलाशा सोडून कर्म करावे, हा गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील उपदेश महाराष्ट्रात दर वर्षी माघ-फाल्गुनाच्या सुमारास दहावीच्या मुलामुलींना मुक्तहस्ताने ऐकवला जातो. शाळेच्या निरोपसमारंभात मुख्याध्यापक तो सांगतात, क्लासच्या शेवटच्या तासाला सर सांगतात, आणि हॉल तिकीट हाती आल्यावर घरातील वडीलधारे माणूसही डोक्यावर हात ठेवून तेच सांगते. उपदेश खरा आहे. परंतु तो ज्याला सांगितला जातो त्याच्यापेक्षा जो सांगतो त्यालाच त्याची गरज अधिक असते, असे मला पुष्कळ वर्षांच्या अवलोकनानंतर वाटू लागले आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला फळाची ओढ असते ती बेताचीच; उद्याचा पेपर बरा जावा, आणि शेवटचा पेपर टाकून आल्यावर दप्तर कोपऱ्यात भिरकावता यावे, एवढ्यावर त्याची दृष्टी थांबते. शेकडा किती, अकरावीला कोणते कॉलेज, पुढे कोणती शाखा आणि तीतून कोणती नोकरी, हा फळाचा तपशीलवार आराखडा असतो तो आईबापांच्या मनात. म्हणून प्रश्न असा उभा राहतो की, जे कर्म आपले नव्हेच, त्याच्या फळाची आशा धरणाऱ्या माणसाने काय करावे? गीतेचा तो उपदेश कर्त्याला उद्देशून आहे. कर्त्याच्या पाठीशी श्वास रोखून उभ्या असलेल्या माणसाला त्यातून काय घेता येईल?

ही आसक्ती ओळखू येणे कठीण, कारण ती प्रेमाच्या वेषात वावरते. स्वतःसाठी धनाची वा मानाची इच्छा करणाऱ्या माणसाला आपला लोभ निदान एकांतात तरी कळतो. मुलासाठी इच्छा करणाऱ्याला मात्र, यात माझे काय आहे, हे सगळे त्याच्याच भल्यासाठी, असे मनापासून वाटत असते, आणि ते अर्धे खरेही असते. उरलेल्या अर्ध्याचा पत्ता निकालाच्या दिवशी लागतो. शेजारच्या घरी पेढे वाटले जात असताना आपल्याच दाराशी येऊन कोणी “किती पडले?” असे विचारले, की बापाच्या मनात जी कळ उठते ती मुलाच्या भवितव्याची नसते. तो प्रश्न मुलाविषयी असला तरी उत्तर देताना बापाला स्वतःचीच परीक्षा झाल्यासारखे वाटते. या कळेबद्दल कोणाला दोष द्यावा, असे मला वाटत नाही. पण ती कोणाची आहे हे ज्याचे त्याने निश्चित करून घ्यावे, कारण तिचा भार पुढे मुलावर पडतो.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, विविध प्रकारचे व्यापार आणि पाचवे दैव. या पाचांत पालकाचे स्थान कोठे? कर्ता तो नव्हे. उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक मुलाचा असतो. दैवावर कोणाची हुकमत चालत नाही. आदल्या रात्री ताप भरणे, नेमका सोडून दिलेला धडाच प्रश्नपत्रिकेत येणे, हे त्याच्या दफ्तरातले विषय. साधने त्याने पुरवावीत. परंतु त्याचे खरे क्षेत्र पहिले, म्हणजे अधिष्ठान. या शब्दाने कोणी भाष्यकार शरीर घेतात, तर कोणी कर्माचे आधारभूत स्थान; पालकापुरते पाहिले तर दोन्ही अर्थ लागू पडतात. मुलाची झोप, त्याचे जेवण, दोन खोल्यांच्या घरात संध्याकाळी टीव्ही बंद राहील अशी व्यवस्था, नवराबायकोंतला वाद मुलाच्या कानांवर न पडू देणे, हे सर्व पालकाचे स्वतःचे कर्म होय; आणि या कर्माविषयी गीतेचा उपदेश त्याला अक्षरशः लागू आहे. हे करून झाल्यावर, ‘आम्ही तुझ्यासाठी एवढे केले’ असा तगादा तो लावील, तर त्याने सेवेचे कर्ज केले असे होईल. आणि पंधरा वर्षांच्या ऋणकोला ते गुणांच्या रूपाने फेडता आले नाही, म्हणजे तो तोंड लपवू लागतो.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो मला फार वजनदार वाटतो. फळाविषयी समबुद्धी ठेवा, हे ज्याच्या घरी वडिलोपार्जित फ्लॅट आहे त्याला सांगणे सोपे आहे. बीड जिल्ह्यातून दर हंगामात कारखान्यावर ऊस तोडायला जाणाऱ्या आणि मुलीला आजीपाशी गावात ठेवून तिचे शिक्षण कसेबसे चालू ठेवणाऱ्या जोडप्याला ते कोणत्या तोंडाने सांगावे? त्या मुलीला उत्तीर्ण होण्यापुरते शेकडा ३५ पडले तर ती अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज भरील. न पडले तर पुढच्या हंगामात तिच्या हातात कोयता येईल, किंवा तिचे लग्न ठरेल. येथे फळ म्हणजे प्रत्यक्ष आयुष्याची दिशा आहे. अशा ठिकाणी वैराग्याची भाषा बोलणे हे क्रूरपणाचे होईल, आणि गीतेवर त्याचा बोजा टाकणे हा गीतेचाही विपर्यास होईल.

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त या जागी जो विवेक केला आहे, तो उपयोगी पडतो. कर्मफलाची आशा सोडणे म्हणजे परिणामाचा विचार न करता डोळे मिटून कर्म करणे नव्हे. कोणत्या कर्माचे फळ काय, हे ओळखून, ते साधेल अशी योजना आखून, मग फळाच्या ठिकाणी चित्त गुंतू न देता झटणे, असा त्या प्रतिपादनाचा आशय आहे. ऊसतोड करणाऱ्या आईने मुलगी पास व्हावी असा निर्धार धरावा, शाळेतल्या बाईंना फोन करून ती गणिताच्या जादा तासाला बसते की नाही याची चौकशी करावी, त्यासाठी मुकादमाशी भांडून उचल घ्यावी. यातील काहीही फलाशा नव्हे. ‘नापास झालीस तर तोंड दाखवू नकोस’ असे जेव्हा ती म्हणते, तेव्हा फलाशा सुरू होते, आणि त्याच क्षणी मुलीची लेखणी जड होते. निर्धाराने मुलीच्या हाताला बळ येते आणि आसक्तीने तो हात कापू लागतो, हा भेद श्रीमंतीगरिबीवर अवलंबून नाही. उलट ज्या घराला फळाची गरज सर्वांत मोठी, त्या घराला आसक्ती सर्वांत कमी परवडते, असे माझे मत आहे.

परंतु या प्रश्नाचा विचार करताना मला गीतेपेक्षाही गीता सांगणाऱ्याच्या वर्तनाचा आधार अधिक वाटतो. श्रीकृष्णाने भारतीय युद्धात जी भूमिका पत्करली ती पालकाच्या भूमिकेशी विलक्षण जुळणारी आहे: शस्त्र हाती धरायचे नाही, लढायचे दुसऱ्याने, आणि आपण रथ हाकायचा. जयद्रथवधाच्या दिवशी, भर रणात, अर्जुनाचे घोडे थकले आणि बाणांनी विद्ध झाले, तेव्हा श्रीकृष्णाने ते सोडले, त्यांच्या अंगांतील बाण उपटून काढले, त्यांना खरारा केला, पाणी पाजले आणि पुन्हा रथाला जोडले, असे वर्णन द्रोणपर्वात आहे. ज्याच्या मुखातून अठरा अध्याय निघाले त्याने केलेले हे काम मोतद्दाराचे होते. पण ते झाले नसते तर त्या दिवशी सूर्यास्तापूर्वी अर्जुनाची प्रतिज्ञा पुरी झाली नसती. परीक्षेच्या दिवसांत सकाळी पाचला उठून चहा करून देणारी आणि मग मुलाशेजारी मुकाट्याने भाजी निवडत बसणारी आई हेच काम करीत असते.

याहून बोधप्रद प्रसंग भीष्मपर्वात आहे. पितामहांवर बाण टाकताना अर्जुनाचा हात सैल पडतो आहे, तो मनापासून लढत नाही, हे पाहून श्रीकृष्णाचा धीर सुटला, आणि प्रतिज्ञा विसरून तो रथावरून उडी टाकून स्वतःच भीष्मांवर धावला. एकदा नव्हे, दोनदा. दोन्ही वेळा अर्जुनाने मागून धावत जाऊन त्याचे पाय धरले, दहाव्या पावलाला त्याला थांबवले, आणि हा भार माझा आहे, तुम्ही आपले वचन मोडू नये, अशी विनवणी करून परत रथावर आणले. मुलाचा हलगर्जीपणा पाहून जीव कासावीस होणाऱ्या प्रत्येक आईबापाने हा प्रसंग मनाशी बाळगावा. प्रत्यक्ष भगवंताला जे आवरले नाही ते आपल्याला प्रत्येक वेळी आवरेल, असा अहंकार कोणी धरू नये. मात्र रथावरून उतरणारा सारथी पाहूनच अर्जुनाला आपला भार आठवला, असे समजून कोणी मुद्दाम उतरू लागला तर तो अर्थाचा अनर्थ होईल. कथेतले महत्त्व उडी टाकण्याला नसून परतण्याला आहे. मुलगा जेव्हा चिडून किंवा रडून “माझं मला करू द्या ना,” असे म्हणतो, तेव्हा तो एक प्रकारे पायच धरीत असतो. त्या वेळी परत फिरणे हे पालकाचे कर्म आहे.

जे परत फिरत नाहीत त्यांचे पाऊल कोठवर जाते, हे आपल्याकडच्या काही परीक्षाकेंद्रांच्या कुंपणाभिंतींवर दिसते. चिठ्ठ्या घेऊन भिंतीवर चढलेले भाऊ, चुलते आणि क्वचित प्रत्यक्ष वडीलही यांना आवरण्यासाठी पोलीस उभे करावे लागतात. परीक्षांतील गैरप्रकारांना प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा कायदा १९८२ चा आहे. इतक्या वर्षांनंतरही भरारी पथके निघतात आणि कॉपीमुक्तीच्या शपथा घ्याव्या लागतात. भिंतीवर चढलेल्या त्या माणसाला गुन्हेगार म्हणणे कायद्याच्या दृष्टीने योग्यच आहे. पण त्याच्या मनात त्या वेळी प्रेमच असते, आणि तीच खरी चिंतेची बाब आहे. मुलाचे कर्म काढून घेऊन त्याला नुसते फळ देऊ पाहणारे हे प्रेम त्याला एवढेच कळवते की, तुझ्याने हे होणार नाही, अशी आमची खात्री आहे.

कर्मावाचून मिळालेले फळ कसे असते, याचा अनुभव एका अख्ख्या पिढीने घेतला आहे. २०२१ साली कोरोनाच्या साथीमुळे राज्य मंडळाची दहावीची लेखी परीक्षा रद्द झाली, नववीच्या व दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनावरून गुण दिले गेले, आणि निकाल ९९.९५ टक्के लागला. त्या परिस्थितीत याहून न्याय्य मार्ग दिसत नव्हता. परंतु त्या मुलांपैकी कित्येकांशी बोलताना असे आढळते की, गुण हाती आले तरी आनंद झाला नाही. लिहिण्याची संधी मिळाली असती तर काय झाले असते, ही रुखरुख राहिली. मनुष्याला फळ हवे असते हे खरे, पण ते आपण केलेल्या कर्माचे हवे असते. मुलांनाही हे कळते.

मग देवाजवळ मागावे की नाही? परीक्षेच्या आदल्या दिवशी देव्हाऱ्यापुढे हॉल तिकीट ठेवलेले मी अनेक घरांत पाहिले आहे. एका घरी आजी हळदकुंकू वाहताना नातीच्या फोटोवर बोट लागू नये म्हणून ते बेताने कागदाच्या कडेला वाहत होत्या, आणि एरवी देवापुढे न थांबणारे मुलीचे वडील त्यांच्या मागे हात जोडून उभे होते. या श्रद्धेला अंधश्रद्धा म्हणण्याचे धाडस मला होणार नाही. नव्वद टक्के पडले तर अमुक करीन, हा नवस मात्र करारनामा आहे, आणि त्यात जामीन म्हणून ज्या मुलीला ठेवले जाते तिची संमती कोणी घेतलेली नसते. तिची बुद्धी स्थिर राहो, आणि काहीही घडले तरी माझी जीभ ताब्यात राहो, एवढे मागणाऱ्याची प्रार्थना मला निर्दोष वाटते. तिचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा अधिक तातडीचा आहे.

निरपेक्ष पालकत्वाचे आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर साने गुरुजींचे घ्यावे. १९२४ ते १९३० या काळात ते अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तेथील छात्रालय सांभाळत होते. मुले शाळेत गेल्यावर त्यांच्या खोल्या झाडाव्या, अंथरुणे आवरावी, कपडे धुवावे, आणि याचा उच्चारही करू नये, अशी त्यांची रीत होती. मुलांनी अभ्यास करावा असे त्यांना तळमळून वाटे. पण ती तळमळ त्यांनी झाडूच्या वाटेने खर्च केली, तगाद्याच्या वाटेने नव्हे. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने याच हातांनी उतरवून घेतली.

यंदाही राज्यात पंधरा-सोळा लाखांच्या आसपास मुले दहावीला बसतील. त्यांच्या आईवडिलांना माझी कळकळीची विनंती आहे. केंद्राच्या फाटकातून मूल बाहेर येताच “प्रमेय आलं होतं ना? लिहिलंस ना सगळं?” असे विचारू नका, आणि त्या संध्याकाळी उत्तरे ताडून पाहू नका, झालेला पेपर आता त्याच्याही हाती राहिलेला नाही. गुण कितीही पडोत, या घरातली तुझी जागा हलणार नाही, हे निकालानंतर सांगण्यापेक्षा निकालापूर्वी, तेही दोघांनी मिळून, स्पष्ट शब्दांत सांगा; मुलाला ते ठाऊकच असेल, असे गृहीत धरू नका. एखादा विषय राहिला तर पुरवणी परीक्षा आहे आणि वर्ष वाया जाईलच असे नाही, हेही त्याला आधीच माहीत असू द्या. मूल बोलेनासे झाले, जेवेनासे झाले, किंवा जगण्याविषयी निराशेचे शब्द काढू लागले, तर ते नाटक समजू नका. शाळेतल्या शिक्षकांना गाठा, मंडळाने नेमलेल्या समुपदेशकांना विचारा, किंवा टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी करा. ही सेवा विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालू असते आणि मराठीतूनही मिळते.