त्यावर ‘जैन’ लिहिलं होतं

मुलाच्या लग्नाला तेव्हा तीन महिने झाले होते. सून तेलुगू, वरंगळची. एका रविवारी तिनं मला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. म्हणाली, “आई, आज तुम्ही बसा.” मोबाईल ओट्यावर टेकवून सकाळपासून तिचं काहीतरी चाललं होतं. शेंगदाणे, तीळ, खोबरं भाजल्याचा वास पार गॅलरीपर्यंत आला. जेवायला बसलो आणि तिनं झाकण काढलं. आत बगारा बैंगन! आपल्या हैदराबादच्या लग्नात बिर्याणीशेजारी मानानं बसणारं. कांदा नाही, लसूण नाही, आलंसुद्धा नाही. चिरा दिलेली छोटी वांगी आणि वर सुटलेलं तेल.

मी ताट मागे सरकवलं. “अगं, आपल्याकडे वांगं चालत नाही.”

“पण आई, त्यावर जैन लिहिलं होतं.”

वांगं बहुबीज म्हणून आमच्या घरात सासूबाईंच्याही आधीपासून वर्ज्य आहे. सगळ्याच जैन घरांत ते सोडलेलं असतं असं नाही. मुलगा मात्र दोन वांगी खाऊन मोकळा झाला. आम्ही दोघांनी वरणभात खाल्ला. सून काही बोलली नाही. भांडं उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, “एक खाल्लं असतंस तर काय बिघडलं असतं?” मला ते पटलं नाही. नियम कुणाचं मन राखायला मोडायचा, तर मग तो घ्यायचाच कशाला? पण दिवसभर एक गोष्ट टोचत राहिली. वांगं न खाणं नियमात होतं. ताट मागे सरकवणं कुठल्या नियमात होतं?

मग चूक कुणाची? ती कृती दाखवणाऱ्या बाईची नाही. तिच्या घरी वांगं चालत असेल. सुनेची तर नाहीच. कांदा, लसूण, बटाट्याचं आम्ही लग्नाआधीच सांगितलं होतं, वांग्याचं राहून गेलं. घरात जे येतच नाही, ते नव्या माणसाला दिसणार कसं? आणि वांग्याची मसाल्याची भाजी, गुत्ती वंकाया, तिच्या माहेरची आवडती. तिनं माहेरची चव आमच्या नियमात बसवून आणली होती.

मला माझी आई आठवली. सोलापूरला आमच्या घरी कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ होती. 1970 साली आलेलं हे पुस्तक कितीतरी मराठी मुली सासरी घेऊन गेल्या. वाटी-चमच्याचं माप दिलेलं, त्यामुळे शेजारी सासू नसली तरी पदार्थ जमायचा. त्यात कांदा-लसूण भरपूर, कुठल्या कृतीवर ‘जैन’ असं छापलेलं नाही. तरी आईची कधी चूक झाली नाही. काय घ्यायचं, काय गाळायचं, ते तिचं ती ठरवायची. आज मोबाईलवर ‘जैन’ पावभाजी, ‘जैन’ मंचुरियन, हवं ते मिळतं आणि तो शब्द दिसला की आपण निर्धास्त होतो. कुणी साखरेऐवजी मध घाला म्हणतं, कुणी अंजिराची बर्फी शिकवतं, कुणी कच्च्या दह्यात डाळीचे वडे सोडतं. मध, उंबरवर्गातलं अंजीर, द्विदल, सगळं ‘जैन’ नावाखाली. कृती चांगली असेलही, पण आपल्या घराचा विवेक तिला कुठून माहीत असणार?

उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना आधी प्रमाद सांगितला आहे, जीवाचा घात त्यानंतर. प्रमाद म्हणजे गाफीलपणा. त्या दिवशीचा गाफीलपणा माझा होता. जे तोंडानं सांगायचं ते मी न सांगताच तिला कळावं अशी अपेक्षा धरली आणि वर तिलाच दुखावलं.

आठ दिवसांनी मी तिच्याजवळ बसले. “त्या दिवशी माझं चुकलं,” म्हटलं, आणि घरात काय चालत नाही ते एकेक सांगायला लागले. ती हुशार. विचारलं, “शेंगदाणे जमिनीखालीच येतात ना, आई?” मी म्हटलं, ते मूळ नव्हे, शेंग आहे. “आणि बिया म्हणून वांगं नाही, तर टोमॅटो कसा चालतो?” मी गप्प. तीस वर्षं टोमॅटोचं सार करतेय, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. शेवटी म्हटलं, “मला माहीत नाही गं. माताजींचा चातुर्मास सुरू झाला की आपण दोघी विचारून येऊ.”

त्या संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत, तिनं त्याच वाटणात कच्ची केळी केली. मोबाईल याही वेळी ओट्यावर होता. पण तेल सुटायच्या आधी तिनं मला हाक मारली, “आई, एकदा बघून जा.”