पाहुणा होऊन जाणे



येत्या मे महिन्यात आपल्या धर्मग्रामाची सहल गोव्याला जात आहे. समितीने तयार केलेला कार्यक्रम मी वाचला. तीन दिवसांत अकरा ‘पॉइंट’! प्रत्येक ठिकाणी पाऊण तास, त्यात फोटो, चहा आणि बाथरूम. समितीने कष्ट घेतले आहेत, त्याबद्दल त्यांचे आभार. पण त्या अकरांतले चार-पाच वगळावेत असे मी त्यांना सुचवले आहे, आणि ते का, हे आज सर्वांनाच सांगायचे आहे.

संत लूकच्या शुभवर्तमानातील दहावा अध्याय घरी जाऊन वाचा. प्रभू येशू बहात्तर शिष्यांना दोघे-दोघे करून गावोगावी पाठवतो आणि प्रवासाच्या सूचना देतो. थैली घेऊ नका, झोळी घेऊ नका, वहाणाही नकोत. ज्या घरात जाल तिथे आधी शांती चिंता. त्याच घरी राहा, चांगल्या सोयीच्या शोधात घरे बदलत फिरू नका. आणि पुढे वाढले जाईल ते खा. वाटेत कुणाला सलाम करू नका असेही त्यात आहे. ते कामाच्या घाईपोटी सांगितलेले आहे, तेव्हा आपल्या बसमध्ये ते कुणी शब्दशः घेऊ नये!

हे शिष्य सहलीला निघाले नव्हते हे मला ठाऊक आहे. पण प्रभूने त्यांना रिकाम्या हाताने का पाठवले? ज्याच्या खिशात पैसा असतो तो दुसऱ्याच्या गावात गिऱ्हाईक होऊन शिरतो. ज्याच्या हातात काही नसते त्याला पाहुणा व्हावे लागते. गिऱ्हाईक मागतो, तक्रार करतो, भाव पाडतो. पाहुणा आधी विचारतो, ऐकतो, ताटात पडेल ते गोड मानतो. आपण पैसे घेऊनच जाणार, त्यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच की पैसे भरले म्हणजे गाव विकत घेतले असे आपल्याला वाटते का?

गिऱ्हाईक होऊन आलेला माणूस कसा असतो हे वसईच्या माणसाला कुणी शिकवायला नको. रविवारी आपल्या किनाऱ्यावर काय चालते ते आपण पाहतो. वाळूत फुटलेल्या बाटल्या, गाड्यांतून कर्कश गाणी, वाडीत शिरून तोडलेली फळे, मिस्सेहून परतणाऱ्या मुलींना मारलेले शेरे. किल्ल्यातील पडक्या चर्चमध्ये, जिथे एकेकाळी वेदी होती तिथे, लग्नाआधीचे फोटो काढण्यासाठी जोडपी उभी असतात आणि भिंतींवर नावे कोरलेली दिसतात. आपल्याला राग येतो आणि तो रास्त आहे. मात्र गोव्याच्या एखाद्या वाड्यात आपली बस थांबते तेव्हा तिथल्या आजीला आपण कसे दिसतो? तिच्या लेखी आपण ‘मुंबईचे’ असतो. गाडीचा स्पीकर चालू असतो, पिशव्या रस्त्याकडेला पडतात आणि कुणीतरी तिच्या सोप्यावर न विचारता सेल्फी काढत असतो.

आता जुन्या गोव्याकडे वळू. बॉम जेझू बासिलिका पाहायची म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीकडे मान उंच करून पाहायचे आणि बाहेर पडायचे, असेच बहुतेकांचे होते. २०२४-२५ च्या अठराव्या अवशेष-दर्शनाला आपल्यातले अनेक जण जाऊन आले. ती चांदीची पेटी सतराव्या शतकात गोव्याच्याच कारागिरांनी घडवली. तिच्याखालचे संगमरवरी काम मात्र इटलीहून, तस्कनीच्या ग्रँड ड्यूकची भेट म्हणून आले. एका स्पेनवासी संताच्या समाधीवर कोकणी सोनारांचे हात आणि फ्लोरेन्सच्या शिल्पकाराचे हात एकत्र आले आहेत. बाहेरच्या भिंतीही नीट पाहा. १९५० च्या दशकात त्यांवरचा गिलावा काढून टाकला गेला आणि जांभा दगड उघडा पडला. जुना दिसतो म्हणून पर्यटकांना तो आवडतो, पण दर पावसाळ्यात तो झिजतो. गिलावा परत चढवावा अशी मागणी तिथल्या ख्रिस्तसभेतूनच झाली आहे.

जवळच्या टेकडीवर संत ऑगस्टीनच्या चर्चचा अर्धा पडलेला मनोरा आहे. जॉर्जियाची राणी केतेवान १६२४ साली इराणमध्ये श्रद्धेसाठी हुतात्मा झाली आणि ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी तिचे काही अवशेष गोव्याला आणले. ते या पडझडीत शोधण्यात आले आणि २०२१ साली भारताने त्यांतला काही भाग जॉर्जियाला भेट दिला. आपल्या संत गोन्सालो गार्सियांनी १५९७ साली नागासाकीला क्रूसावर प्राण दिले. परक्या भूमीतील हुतात्म्याची आठवण जपणे म्हणजे काय, हे वसईला कळायला हवे.

मराठी ख्रिस्ती माणसाने आणखी एका ठिकाणी पाय ठेवावा, ते म्हणजे साष्टीतील रायतूर. इंग्लंडमधून १५७९ मध्ये आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली तिथे छापले गेले. ते ओवीत आहे आणि मराठीत आहे. आपण ज्या भाषेत प्रार्थना करतो तिचे एक घर तिथे आहे, आणि आपल्या मूळ कार्यक्रमात ते नव्हते. एक वॉटर पार्क होता.

यानंतरचे बोलणे थोडे जड आहे, पण मंदिराच्या दारात उभे राहण्याआधी ते केले पाहिजे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेखालच्या गोव्यात देवळे पाडली गेली. १५६० पासून तिथे धर्मन्यायालय बसले आणि, मधला थोडा काळ सोडता, १८१२ पर्यंत चालले. कुठ्ठाळीचा मंगेश भाविकांनी रातोरात पाण्यापलीकडे, प्रियोळला नेला. तेच आजचे मंगेशी, जिथून मास्टर दीनानाथ आले आणि लता मंगेशकरांचे आडनाव आले. ही गोष्ट आपल्या वारशाच्या चकचकीत बाजूला बसत नाही, म्हणून आपण तिच्यावरून झटकन पुढे जातो. पोप जॉन पॉल दुसरे १२ मार्च २००० रोजी रोममध्ये ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या पापांसाठी जाहीरपणे क्षमा मागू शकले, तर मंगेशीच्या आवारात बूट काढून दोन मिनिटे शांत उभे राहणे आपल्याला जड जाऊ नये. इतिहासाने उलटेही दिवस दाखवले. १७३९ मध्ये वसई पडल्यावर आपल्या चर्चच्या घंटा दूरदूरच्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावर आणि भीमाशंकरला आजही त्या जातीच्या घंटा आहेत. तिथले पुजारी त्यांची निगा राखतात. मला त्या परत मागाव्याशा वाटत नाहीत. वसईच्या मुलांनी एकदा जाऊन त्या पाहाव्यात, एवढे मात्र वाटते.

संत पौल अथेन्सला गेला तेव्हा काय करतो ते प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात आहे. मूर्तींनी भरलेले शहर पाहून त्याच्या मनाला क्लेश झाले. तरी तो आधी हिंडला, त्यांच्या वेद्या बारकाईने पाहिल्या, एका वेदीवरचा लेख वाचला आणि मग बोलताना त्याच लेखापासून सुरुवात केली.

जेवणाचे सांगतो. सोबत आचारी नेऊन तिथेही आपलेच कालवण रांधायचा बेत ऐकला. तो सोडून द्यावा. गावातल्या खानावळीत शीत-कडी मिळते, सकाळी पोदेर सायकलवरून उंडे आणि पोळी आणतो. पैसा त्या हातांत जाऊ द्या. साष्टी-तिसवाडीची खाजन शेती पाहा. बांध घालून, मानशीच्या दारांनी खारे पाणी अडवून गावकरी पिढ्यानपिढ्या तिथे भात पिकवत आले. आपल्याकडची बावखळे बुजवून त्यांवर इमारती उठत असताना आपल्या शेतकऱ्यांनी तिथल्या शेतकऱ्यांशी तासभर बोलावे. समुद्रावरच्या तासापेक्षा तो कामी येईल.

समितीने माझे म्हणणे बरेचसे मान्य केले आहे. वॉटर पार्क गेला, रायतूर आणि मंगेशी आले. तरुणांची थोडी नाराजी आहे, म्हणून एक संध्याकाळ किनाऱ्यासाठी राखली आहे. प्रत्येकाने पाण्याची आपली बाटली आणि एक कापडी पिशवी आणावी. गावातून जाताना बसमधला स्पीकर बंद राहील. ज्यांच्या घरी क्रिस्तपुराणाची प्रत असेल त्यांनी ती पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर सभागृहात आणावी, आपण काही ओव्या मिळून वाचू. ज्या कुटुंबांना वर्गणी भरणे अवघड आहे त्यांच्यासाठी चार जागा राखून ठेवल्या आहेत. त्यांनी समितीकडे न जाता सरळ मला भेटावे, नाव कुठेही लिहिले जाणार नाही.